नागपूरच्या उन्हात जनावरं तगतात कशी, आणि कधी तगत नाहीत

प्रश्न थोडक्यात असा आहे: गाई-म्हशी, कुत्री, पाखरं नागपुरात पिढ्यान्‌पिढ्या राहतात, मग त्यांना इथल्या उन्हाची सवय नसते का? असेल, तर दर मे महिन्यात घारी आकाशातून खाली का पडतात आणि म्हशी धापा टाकत का दगावतात? उंट वाळवंटात मजेत राहतो, मग आपल्याकडच्या जनावरांना ते का जमू नये?

उंट वाळवंटात मजेत राहत नाही, इथूनच सुरुवात करते. तो तिथे अतिशय काटकसरीनं राहतो. नागपुरात आणि आसपासच्या तालुक्यांत मी बरीच वर्षं जनावरांवर उपचार करते आहे. या काळात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली: कुठलाही प्राणी ऊन फुकटात सोसत नाही. त्याची किंमत तो पाण्यात, चाऱ्यात, विश्रांतीत, दुधात आणि पिल्लांत मोजतो. मोजायला हाताशी काही उरलं नाही की तो पडतो. म्हणून जनावर दगावलं की त्या दिवशी पारा किती होता, एवढंच विचारून भागत नाही. आदले आठ दिवस त्याला सावली कुठे होती, पाणी कुठे होतं आणि रात्र किती थंड होती, हे विचारावं लागतं.

आपल्या शहराची हवा काय मागते ते बघा. २३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंश सेल्सिअस नोंदलं गेलं, आणि २९ डिसेंबर २०१८ रोजी ३.५ अंश. त्याच कडुनिंबावरच्या चिमणीला दोन्ही टोकं झेलायची असतात. त्यातली थंडी तुलनेनं सोपी आहे. पोटात दाणा असेल तर शरीर उष्णता तयार करू शकतं, आणि पिसं फुगवून ती धरूनही ठेवता येते. पण गारवा तयार करणारं यंत्र कुणाच्याच शरीरात नाही. अंगातली उष्णता बाहेर टाकायचे चार मार्ग आहेत: थंड वस्तूला टेकणं, वारा, अंगातून किरणांच्या रूपानं होणारं उष्णतेचं उत्सर्जन आणि पाण्याची वाफ. हवा अंगापेक्षा गार असेपर्यंत पहिले तीन मार्ग उपयोगी पडतात. मे महिन्यात दुपारी बारानंतर ते उलटे वाहू लागतात. झळा अंगातली उष्णता नेण्याऐवजी अंगात भरतात. मग एकच दार उघडं राहतं, ते वाफेचं.

नागपूरकराला हे समजावणं सोपं आहे, कारण प्रत्येकाच्या खिडकीत कूलर असतो. मेमध्ये हवा कोरडी असते, खसच्या ताट्यांतून पाणी भराभर उडतं आणि खोली गार होते. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पारा पाच-सहा अंशांनी उतरलेला असतो, तरी तोच कूलर नुसता चिकचिकाट करतो. हवेत आधीच ओल असेल तर आणखी वाफ मावत नाही. प्राण्याची कातडी आणि श्वासनलिका अगदी याच नियमानं चालतात. आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. एक लिटर पाणी दहा अंशांनी तापायला साधारण १० किलोकॅलरी लागतात, पण तेच एक लिटर पाणी कातडीवरून वाफ होऊन उडालं तर जवळपास ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातं. बर्फाच्या पाण्यानं जनावर थंड करण्यापेक्षा साधं पाणी अंगावर टाकून पंखा लावणं भारी का पडतं, ते यात आलं.

आता हे वाफेचं दार प्रत्येकाकडे वेगळ्या जागी असतं. गाय घाम गाळते. कुत्र्याला पंजांच्या तळव्यांखेरीज कामाचा घाम जवळपास येतच नाही, म्हणून ते जिभेवर, नाकात आणि घशात पाणी उडवतं. त्याचं धापणं म्हणजे नुसता जोरात घेतलेला श्वास नाही. मिनिटाला तीनशेच्या आसपास अशा एका ठरावीक लयीत ते चालतं, आणि ती लय छाती-फुफ्फुसांच्या स्वतःच्या नैसर्गिक कंपनाशी जुळलेली असते. त्यामुळे स्नायूंना फार जोर लावावा लागत नाही. नाहीतर धापण्याच्या मेहनतीतूनच इतकी उष्णता तयार झाली असती की सगळा खटाटोप वाया गेला असता. पग किंवा शिट्झूसारख्या चपट्या तोंडाच्या कुत्र्यांची अडचण इथेच आहे. ज्या नाकपोकळीत पाणी उडायचं, ती पैदाशीत दाबून टाकलेली आहे. अशी कुत्री नागपुरात पाळणाऱ्यांना मी स्पष्ट सांगते की मार्च ते जून त्यांना सकाळी सातनंतर फिरायला नेऊ नका.

पाखरांचं गणित आणखी नाजूक आहे. त्यांच्या अंगाचं तापमान मुळातच ४० ते ४२ अंश असतं, म्हणजे हवा आपल्यापेक्षा थोडी उशिरा त्यांच्यावर उलटते. हा त्यांचा फायदा. पण धोक्याची रेषाही तिथून फार लांब नाही, आणि पाखरांना घामाच्या ग्रंथी नसतात. ती चोच उघडी टाकून धापतात. घुबड आणि पाणकावळा यांच्यासारखे पक्षी गळ्याची सैल कातडी थरथरवतात, त्यात छाती हलवण्याचीही मेहनत वाचते. पारवे आणि होले यांची तऱ्हा वेगळी. ते पातळ कातडीतूनच बरंच पाणी उडवतात, म्हणून भर दुपारी पारवा चोच मिटून शांत बसलेला दिसतो. करकोचे स्वतःच्या पायांवर पातळ विष्ठा सोडतात आणि ती सुकताना पायातलं रक्त गार होतं. बघायला किळसवाणं वाटेल, पण शरीर जे पाणी टाकूनच देणार होतं, त्यातूनही ते गारवा काढून घेतात.

टिटवीबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण ती नागपूरच्या प्रत्येक मोकळ्या प्लॉटवर आणि वावरात आहे. ती ऐन उन्हाळ्यात उघड्या मुरमावर अंडी घालते. त्या जमिनीवर दुपारी आपल्याला अनवाणी उभं राहवत नाही. अंडं तापलं तर आतलं पिल्लू तिथेच मरतं, म्हणून टिटवी अशा वेळी अंडी उबवत नसते, ती त्यांच्यावर सावली धरून उभी असते. फार तापलं की जवळच्या पाण्यावर जाऊन पोटाची पिसं भिजवते आणि परत येऊन ओली पिसं अंड्यांना लावते. नर-मादी पाळीनं हे करतात. तिचा हा सगळा बंदोबस्त एका अटीवर उभा आहे: जवळ पाणी हवं. डबकं बुजलं की टिटवीत काही कमी झालेलं नसतं, फक्त तिचं अंतर वाढतं, आणि तेवढ्या वेळात अंडी भाजतात.

धापण्याचा आणखी एक खर्च असतो, तो कुक्कुटपालन करणाऱ्यांना नेमका माहीत असतो. कोंबडी फार धापली की रक्तातला कार्बन डायऑक्साइड जास्त प्रमाणात बाहेर जातो आणि रक्त अल्कधर्मी होतं. अंड्याच्या कवचासाठी कॅल्शियम आणि कार्बोनेट दोन्ही लागतात, आणि नेमके तेच कमी पडू लागतात. उन्हाळ्यात पातळ कवचाची अंडी येतात ती खाद्य वाईट आहे म्हणून येतात असं नाही. कोंबडीनं स्वतःला जिवंत ठेवायला अंड्याचं कवच खर्ची घातलेलं असतं. उघड्या मानेच्या कोंबड्यांना हा त्रास कमी होतो. एका जनुकामुळे त्यांच्या अंगावर पिसं कमी असतात आणि मानेची उघडी कातडी उष्णता बाहेर टाकत राहते.

म्हैस. तिच्याबद्दल विदर्भातच सर्वांत जास्त गैरसमज आहे, की म्हैस काटक, तिला काही होत नाही. तिची कातडी काळी, केस विरळ, आणि घामाच्या ग्रंथी गाईपेक्षा कितीतरी कमी. उन्हात बांधलेली म्हैस गाईच्या आधी कोलमडते. पण तिच्या कातडीखाली रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं, म्हणून सावलीत किंवा पाण्यात गेली की ती गाईपेक्षा लवकर गार होते. ती डबक्यात लोळते तो आळस नव्हे आणि लाडही नव्हेत, तिच्याकडे नसलेला घाम ती बाहेरून अंगावर घेत असते. साध्या पाण्यापेक्षा चिखल बरा, कारण तो अंगाला धरून राहतो, सावकाश सुकतो आणि तोवर वाफेचं काम चालू राहतं. आपली नागपुरी म्हैस, ती लांब, सपाट, तलवारीसारख्या शिंगांची, इथल्या उन्हात टिकून राहिली ती नाला, तळं आणि बोडी यांच्या भरवशावर. गोठ्यात सिमेंटचा कोबा, वर टिनाची पत्रं आणि दिवसभर दावणीला बांधलेली, अशी ती कधीच घडलेली नव्हती.

गाईंमध्ये गवळाऊ बघा. वर्धा-नागपूर भागाची ही देशी गाय. वरचा केस पांढरा, आखूड आणि चकचकीत, तो ऊन परत फेकतो. खालची कातडी काळसर, ती आत घुसणारे अतिनील किरण अडवते. गळ्याखालची लोळी आणि सैल कातडी यांनी अंगाचा पृष्ठभाग वाढतो, घामाच्या ग्रंथी मोठ्या असतात आणि मुळात तिच्या शरीराची भट्टीच मंद चालते. ती दूध कमी देते ते याच व्यवहाराचं दुसरं अंग आहे. जास्त दूध म्हणजे जास्त चारा, पोटात जास्त आंबवण, म्हणजे आत जास्त उष्णता. दुभत्या होल्स्टीन गाईला साधारण २५ अंशांच्या वर त्रास सुरू होतो. नागपुरात फेब्रुवारीच्या दुपारीच ती रेषा ओलांडली जाते. संकरित गाय पाळू नका असं मी म्हणत नाही, अनेक घरं तिच्यावर चालतात. पण ती पाळायची तर तिची सावली, पाणी आणि पंखा हा चाऱ्याइतकाच नेहमीचा खर्च धरायला हवा.

सवयीचा मुद्दा आता घेते, कारण खरा घोटाळा तिथे आहे. प्राणी उन्हाशी जुळवून घेतो ते तीन वेगवेगळ्या वेगांनी. धापणं, घाम, सावली शोधणं हे काही मिनिटांत होतं. शरीराची घडी बदलायला मात्र आठवडे लागतात: पाणी पिण्याची सवय वाढते, घाम लवकर सुटू लागतो, खाणं थोडं घटतं, थायरॉइड मंदावतो, दाट केस झडून उन्हाळी केस येतात. साधारण दोन-तीन आठवडे ताप हळूहळू वाढत गेला तर जनावर हे सगळं करून घेतं. म्हणूनच माझ्याकडे सर्वांत वाईट केसेस नवतपात, म्हणजे मेअखेरच्या नऊ तापत्या दिवसांत, येतील असं लोकांना वाटतं, पण तसं होत नाही. एक लाट येते मार्चअखेर-एप्रिलच्या सुरुवातीला, पारा एकदम चढतो तेव्हा. तोवर शरीर तयार झालेलं नसतं आणि मालकही तयार नसतो, गोठ्यावर अजून जाळी टाकलेली नसते. दुसरी येते जूनमध्ये, वळिवाचे दोन शिंतोडे पडून गेल्यावर. पारा उतरलेला बघून सगळे निर्धास्त होतात, पण हवेत ओल भरलेली असते, वारा पडलेला असतो आणि वाफेचं दार जवळपास बंद झालेलं असतं. त्या उकाड्यात म्हशी आणि संकरित गाई मेच्या भर उन्हापेक्षा जास्त हाल काढतात.

तिसरा वेग पिढ्यांचा. आतापर्यंत सांगितलेले गवळाऊचा केस, टिटवीची रीत, उघडी मान हे सगळे त्यातलेच. उंटाची करामतही तीच. त्याच्या मदारीत पाणी नसतं, चरबी असते. पाणी वाचवायचं त्याचं खरं साधन म्हणजे तो अंगाचं तापमान हलू देतो. पाणी कमी असेल तेव्हा पहाटे ३४ अंशांच्या आसपास उतरतो आणि दुपारभर हळूहळू ४० च्या वर जाऊ देतो. दिवसाची उष्णता घामानं लगेच बाहेर टाकण्याऐवजी अंगात साठवतो आणि रात्रीच्या थंड हवेत फुकट सोडून देतो. मोठ्या उंटाचं यात दिवसाला सुमारे पाच लिटर पाणी वाचतं. शरीराच्या वजनाच्या पाव हिश्श्याइतकं पाणी गेलं तरी तो उभा राहतो, आणि पाणी मिळालं की दहाएक मिनिटांत शंभर लिटर पिऊ शकतो. त्याच्या लंबगोल रक्तपेशी या अचानक आलेल्या पाण्यानं फुटत नाहीत. पण नीट बघा, ही सगळी युक्ती थंड रात्रीवर टेकलेली आहे. वाळवंटात रात्र गार होते. रात्रभर ३२ अंश राहणाऱ्या शहरात उंट बांधला तर त्याची साठवण रिकामी कुठे होणार?

पेशीच्या पातळीवर काय घडतं तेही सांगते. १९६२ मध्ये फेरुचिओ रितोसा या इटालियन शास्त्रज्ञाला फळमाशीच्या गुणसूत्रांवर अनपेक्षित फुगीर जागा दिसल्या. माश्या ठेवलेल्या कपाटाचं तापमान चुकून वाढलं होतं. तापलेल्या पेशी काही जनुकं घाईनं जागी करत होत्या. त्यातून पुढे हीट शॉक प्रथिनांचा शोध लागला. उष्णतेनं इतर प्रथिनांच्या घड्या विस्कटतात, ही प्रथिनं त्या पुन्हा नीट घालतात. बॅक्टेरियापासून म्हशीपर्यंत सगळ्यांकडे ती असतात. रोज थोडं तापून रात्री निवणाऱ्या प्राण्यात त्यांचा साठा तयार असतो. पण ती बनवताना पेशी बाकीची कामं थांबवते. वाढ, दूध, गर्भ यांना थांबावं लागतं. ताण आला की वाढणाऱ्या कॉर्टिसॉल या संप्रेरकाचंही असंच आहे. तासभर वाढलं तर ते जीव वाचवतं. दोन महिने चढलेलंच राहिलं तर रोगप्रतिकार शक्ती खाली आणतं, आणि मग उन्हाळा सरता सरता गोचीड-ताप आणि स्तनदाह डोकं वर काढतात.

काही प्राणी या झगड्यात उतरतच नाहीत. भंडारा-गोंदियाच्या मालगुजारी, म्हणजे जुन्या मालगुजारांनी बांधलेल्या, तलावांचा तळ मेमध्ये भेगाळलेला दिसतो, पण तो रिकामा नसतो. मोठे बेडूक जमिनीत खोल, ओलीत बसलेले असतात. पहिल्या दमदार पावसानंतर पिवळेधमक होऊन डराव डराव करतात ते हेच. तळ्यातली मोठी गोगलगाय शिंपल्याचं झाकण घट्ट लावून महिनोन्‌महिने चिखलात पडून राहते. मरळ हवेतला श्वास घेऊ शकते, म्हणून उरल्यासुरल्या गढूळ पाण्यात तग धरते. काही सूक्ष्म कोळंब्यांची अंडी तर पूर्ण सुकून धुळीत कित्येक वर्षं पडून राहतात आणि पाणी लागलं की फुटतात. सापांना अंगाची भट्टी पेटती ठेवावी लागत नाही, त्यामुळे ते फार थोड्यावर जगतात. उन्हाळ्यात ते दिवस टाळून रात्री फिरतात आणि ओल शोधतात. कूलरच्या टाकीपाशी, मोरीत, माठाखाली साप सापडतो तो याच कारणानं. त्याला मारू नका, सर्पमित्राला बोलवा.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाचा एक पाहुणा आपल्याच तलावांवर हिवाळ्यात उतरतो, पट्टकादंब. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला हा हंसकुळातला पक्षी मध्य आशियातून हिमालय ओलांडून येतो. उपग्रहाच्या साहाय्यानं मागोवा घेतलेले पट्टकादंब सात हजार मीटरच्याही वर उडताना नोंदले गेले आहेत. तिथल्या विरळ हवेत त्याचं हिमोग्लोबिन प्राणवायू घट्ट पकडतं, फुफ्फुसं मोठी असतात आणि उडण्याच्या स्नायूंत केशवाहिन्यांचं जाळं दाट असतं. सहारातल्या चंदेरी मुंगीचं टोक आणखी वेगळं. तिच्या अंगावरचे त्रिकोणी छेदाचे केस ऊन परत फेकतात. शिकारी सरडे उन्हानं बिळात गेले की ती दिवसातली काही मिनिटंच बाहेर पडते आणि उष्णतेनं मेलेले किडे उचलून परतते. पट्टकादंब मेमध्ये नागपुरात टिकणार नाही आणि ती मुंगी हिमालयात. प्रत्येकाचं जुळवून घेणं एका विशिष्ट जागेशी आणि ऋतुचक्राशी बांधलेलं असतं. जागा बदलली, किंवा तीच जागा आपण बदलली, की जमवलेली युक्ती निकामी होते.

आणि नागपूर आपण बदललं आहे. सिमेंटचे रस्ते आणि स्लॅब दिवसभर तापतात आणि ती उष्णता रात्रभर सोडतात. दुपारच्या ४५ अंशांपेक्षा पहाटेचे ३१ अंश मला जास्त घाबरवतात, कारण उष्णता उतरवायची वेळच जनावराला मिळत नाही. गोठ्यात मी मालकाला एकच मोजमाप शिकवते: थर्मामीटर दुपारी लावू नका, पहाटे लावा. दुपारी सगळीच तापलेली असतात. पहाटे पाचला गाय १०१-१०१.५ फॅरनहाइटवर उतरली असेल तर ती सावरते आहे. पहाटेही १०३ असेल तर ती कालचं ऊन घेऊनच आजच्या उन्हात जाणार, आणि अशी जनावरं तिसऱ्या-चौथ्या दिवशी पडतात. थर्मामीटर नसेल तर कुशीची हालचाल मोजा. विसावलेल्या गाईचा श्वास मिनिटाला साठच्या वर गेला तर ती ताणात आहे. तोंड उघडं आणि जीभ बाहेर असेल तर डॉक्टरला बोलवायची वेळ झाली आहे.

जंगलातही सावलीचं गणित अवघड आहे. पेंच, ताडोबा, उमरेड-कऱ्हांडला भागात साग भरपूर, आणि साग नेमका उन्हाळ्यात उघडा पडतो. मग गवे, सांबर, वाघ सगळे नाल्याकाठच्या जांभूळ, अर्जुन, करंज आणि बांबूच्या पट्ट्यात गोळा होतात. वाघ पाण्यात मागच्या अंगानं शिरून तासन्‌तास बसतो. कृत्रिम पाणवठे मोलाचे आहेत, पण नाल्याकाठची ती हिरवी पट्टी गेली तर नुसत्या पाणवठ्यानं भागत नाही. शिवाय सगळे एकाच पाण्यावर आले की रोगही तिथेच वाटले जातात. ऑस्ट्रेलियात जानेवारी २०१४ मध्ये आग्नेय क्वीन्सलंडात एका दिवसात किमान ४५ हजार फळवटवाघळं उष्णतेनं मेली. तिथल्या जातींना ४२ अंशांच्या पुढे तग धरता येत नाही. आपली मोठी वटवाघळं दुपारभर पंखांनी वारा घेतात आणि पाण्यावरून उडताना पोट भिजवून ते चाटतात. त्यांची वस्ती असलेला जुना वड, पिंपळ किंवा आंबा तोडताना हे ध्यानात घ्यावं.

काही नुकसान तर उन्हाळा संपल्यावर समोर येतं. वळूचं वीर्य तयार व्हायला सुमारे दोन महिने लागतात, म्हणून मेचं ऊन जुलै-ऑगस्टच्या गर्भधारणेत दिसतं. म्हशीला उन्हाळ्यात मुका माज येतो. माज असतो, म्हणजे ती फळण्याच्या वेळेत असते, पण लक्षण दिसत नाही, आणि मालक म्हणतो म्हैस फळत नाही. गाभण, आटलेली गाय दूध देत नाही म्हणून तिला उन्हात बांधतात, ही आपल्याकडची फार महागात पडणारी रीत आहे. शेवटच्या दोन महिन्यांत गाय तापली तर पोटातली कालवड पुढे मोठी होऊन कमी दूध देते, असं फ्लोरिडातल्या अभ्यासांत दिसलं आहे. दाट सावली आणि पंखा यांवर पहिला हक्क तिचा.

आता काय करायचं. पत्र्यांवर तुराट्या, पऱ्हाटी किंवा धानाच्या तणसाचा जाड थर टाका, नाहीतर वरून चुना मारा. पाणी दिवसभर समोर असू द्या आणि ते सावलीत असू द्या. दुभत्या संकरित गाईला उन्हाळ्यात दिवसाला ८० ते १०० लिटरपर्यंत पाणी लागू शकतं. वाळलेला चारा पहाटे आणि रात्री द्या, म्हणजे पोटातल्या आंबवणाची उष्णता दुपारच्या उन्हात भर घालणार नाही. अंगावर पाणी मारलं तर लगेच वारा हवा. बंद गोठ्याला चारी बाजूंनी ओली गोणपाटं लावली आणि हवा कोंडली, की आपण मे महिन्यात आपल्या हातानं जूनचा उकाडा तयार करतो.

कुत्रं उन्हानं पडलं तर आधी थंड करा, मग गाडीत घाला. माठाचं किंवा नळाचं पाणी पोटावर, मांड्यांत, पंजांवर टाका आणि पंखा लावा. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका, थोड्या वेळात तोच उष्णता कोंडतो. ताप १०३ फॅरनहाइटवर आला की थांबा, नाहीतर तो फार खाली घसरतो. कुत्रं उठून बसलं, शेपूट हलवली तरी दवाखान्यात न्याच. आतड्याचा आणि मूत्रपिंडाचा बिघाड दोन-तीन दिवसांनी वर येतो. केस कातडीपर्यंत भादरू नका, ते ऊनही अडवतात.

घार, घुबड किंवा कुठलंही पाखरू पडलेलं दिसलं तर त्याच्या चोचीत बळेच पाणी ओतू नका. श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मुळाशीच उघडं असतं, पाणी थेट फुफ्फुसात जातं, आणि तहानेनं न मेलेलं पाखरू त्यानं मरतं. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात, गार जागी ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. सेमिनरी हिल्सवर वनविभागाचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे, अशा पाखरांची तिथे नीट देखभाल होते. गच्चीवर पाणी ठेवायचं तर पसरट मातीचं भांडं, दोन-तीन इंचांपेक्षा खोल नको, मध्ये एक दगड, जागा सावलीची, आणि पाणी रोज बदललेलं. एकदा सुरू केलं की पाऊस लागेपर्यंत बंद करू नका. पाखरं त्या पाण्याच्या हिशेबानं घरटं बांधतात, आणि मालक सुट्टीत गावाला गेला की पिल्लं अडकतात. जाण्याआधी शेजाऱ्याला सांगून ठेवा.

म्हैस पाळणाऱ्यांसाठी शेवटचं: उन्हाळ्यात माज दिवसा शोधू नका. रात्री दहानंतर आणि पहाटे चारच्या सुमारास गोठ्यात चक्कर मारा, सोट, म्हणजे माजावर असताना योनीतून येणारा चिकट स्राव, दिसते का बघा, आणि शंका आली तरी त्याच दिवशी डॉक्टरला बोलवा.